दोन त

मझेविनारबाई आल्या तेव्हा लॅपटॉप
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता.
मुलाचा. मुलगा गदान्स्कला गेला, गोदीत कामाला,
हा मागे राहिला.
"परवापासून एकच धोशा," त्या म्हणाल्या,
"नवीन काही मावणार नाही माझ्यात, दुसरं यंत्र घ्या.
मी अडुसष्ट वर्षांची. मला कुणी असं बोललं
तर खुर्ची फेकून मारीन."

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे,
किल्ल्या करणाऱ्याला लागून माझं दुकान.
खाली रिओनी दिवसभर दगडांशी भांडते.
मी म्हटलं, यंत्र धडधाकट आहे. आतलं डोकं बदलू.
पैसे पडत नाहीत, आणि सगळं उघडं असतं,
आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं.
"कुणीही?"
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली बाईंनी.
वाचा, असं त्यांना सहज म्हणू नये.

अक्रोडाच्या मुरंब्याची रिकामी बरणी आहे माझ्याकडे,
तीत पेनड्राइव्ह. तीन काढले,
लाल दोऱ्याचा, निळ्या, पांढऱ्या.
पुसायचं काही नाही, म्हटलं, नुसतं लावून बघू.
नाही पटलं तर काढून घेऊ,
पाहुणा येऊन गेला हे घराला कळणारही नाही.

लाल देखणा. खाली चिन्हांची रांग
मेजवानीच्या ताटांसारखी.
"रोज कोण एवढं मांडणार?"
पंखा घरघरला, दोघांनी ऐकला.

निळा अगदी जुन्यासारखा,
डाव्या कोपऱ्यात तेच बटण, बोट आपसूक तिकडे.
नवख्यांना मी हाच देतो.
बाई पत्त्यांचा एक डाव हरल्या,
"ठीक," म्हणाल्या.
मी पावतीपुस्तक काढलं.

"आणि तो पांढरा?"
हलका आहे, म्हाताऱ्या यंत्रांसाठी, म्हटलं,
आणि जीभ चावली.

पहिल्याच पानावर तो विचारतो, कुठल्या भाषेत बोलू?
बाईंनी यादी वरून वाचत आणली, एकही नाव न गाळता.
आमची गोल अक्षरं आली, तिथे टिचकी.
पुढचं पान. त्याच्या पुढचं.
मग एकदम, "थांब, बोंडो."

आमच्या भाषेत त दोन.
एक श्वास सोडून म्हणायचा,
एक धरून, घशात कडी घातल्यासारखा.
'संमती' या शब्दात, चक्क बटणावर,
सोडायचा तिथे कुणी तरी श्वास धरून ठेवला होता.

चार वर्षं ते बटण मी रोज दाबतोय.

झालं, वाटलं, आता निळाच.
"हे सुधारता येतं?"
येतं. लिहून कळवायचं.
"छापून झाल्यावरही?"
छापून झाल्यावरही.

बाई नदीकडे बघत राहिल्या.
मग सांगितलं, त्र्याऐंशी सालचं,
तिसरीच्या पुस्तकात एक अक्षर उलटं, चाळीस हजार प्रती,
आणि ते अजून पहाटे चारला कसं उठवतं.
माझा चहा गार झाला.
"पांढरा दे."

बटण मात्र त्यांनी दाबलं नाही.
मला दाबायला लावलं.

पत्र तीनदा खाडाखोड करून लिहिलं, मी नुसतं पाठवलं.
अकरा आठवड्यांनी उत्तर, पोर्तोहून,
इस्पितळातली कुणी आमच्याकडची परिचारिका:
रात्रपाळीत भाषांतर करते, डोळा लागला असेल, आभार.
पुढच्या आवृत्तीत त बदलला.
गिऱ्हाइकं ते पान बघतसुद्धा नाहीत.
मी तिथे थांबतो जरा,
श्वास सोडतो, मग दाबतो.

बाईंचा प्रिंटर अजून चालत नाही.
दर गुरुवारी येतात त्यासाठी,
हातात नव्या चुकांची यादी,
शाईच्या पेनाने, ओळीखाली ओळ.